माती खावीशी का वाटते?

पाटीवरची पेन्सिल कुरकुर चावणारी एखादी मुलगी, पहिली-दुसरीच्या वर्गावर बरीच वर्षं काढलेल्या बहुतेक बाईंच्या आठवणीत असते. खडूचे तुकडे खिशात लपवणारा मुलगाही असतो. घरात हेच सगळं जरा आडोशाला चालतं. तांदूळ निवडताना कच्च्या दाण्यांची चिमूट तोंडात जाते. चुलीची भाजकी माती कुणी नखाने खरवडते, कुणी भिंतीचा पोपडा हळूच काढून जिभेवर ठेवते. फ्रिज असलेल्या घरात बर्फाचे खडे दिवसभर कडाकडा फोडले जातात. इतर चमत्कारिक सवयी माणसं चारचौघांत हसत सांगतात. एकाला बोटं मोडल्याशिवाय झोप येत नाही, दुसरा लावलेलं कुलूप तीनतीनदा ओढून बघतो. माती खाणारी बाई मात्र कधीच सांगत नाही. पकडली गेलीच तर ऐकावं लागतं, "काऊन वं, घरी खायले भेटत नाही का?" मग ती आणखी लपून खाते आणि सवयीमागचं कारण शोधायचं राहून जातं. ते कारण बहुतेक वेळा रक्ताच्या एका साध्या तपासणीत सापडण्यासारखं असतं, म्हणून ही सवय नीट समजून घ्यायला हवी.

हे बोलणं पांढुर्णा भागातलं. पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा जिल्हा झाले. राज्य मध्य प्रदेश, कचेरीचा कारभार हिंदीत आणि पुष्कळ घरांतली बोली वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी. जमीन काळी. कापूस, तूर, ज्वारी आणि संत्र्याच्या बागा. इथल्या जुन्या मातीच्या घरांत भुई शेणाने सारवायची आणि चूल पांढऱ्या मातीने पोतारायची पद्धत. मध्य प्रदेशातल्या हिंदी बोलणाऱ्या घरांत या पांढऱ्या मातीलाच छुई म्हणतात. पोतारा ओला असताना त्याचा जो वास सुटतो तो कुणाला आवडत नाही? पहिल्या पावसाचा वासही त्याच जातीचा. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे सूक्ष्मजीव जिओस्मिन हे द्रव्य तयार करतात आणि माणसाचं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण असतं. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत याचे काही मोजके भाग असले तरी वास येतो. कनौजचे अत्तरवाले तर भाजलेल्या मातीचा हा वास चंदनाच्या तेलात उतरवून बाटलीत भरतात.

वास आवडणं ही सगळ्यांची गोष्ट झाली. पण त्या वासाने तोंडाला पाणी सुटणं, माती दाताखाली येईपर्यंत चैन न पडणं, हे सगळ्यांना होत नाही. जे अन्न नाही ते खाण्याची अशी ओढ महिनाभर किंवा त्याहून जास्त टिकली तर वैद्यकशास्त्र तिला ‘पायका’ म्हणतं. दोन वर्षांच्या आतलं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतंच, त्यामुळे ते यात धरत नाहीत. ही ओढ सर्वात जास्त आढळते ती गरोदर बायकांत, पाळी सुरू झालेल्या मुलींत आणि लहान मुलांत. तिघांच्या वयात आणि परिस्थितीत फार साम्य नाही. पण तिघांनाही शरीरात लोह जास्त लागतं आणि तिघांनाही ते कमी पडण्याची शक्यता मोठी असते.

लोहाचा हिशेब फार काटेकोर असतो. मोठ्या माणसाच्या सगळ्या शरीरात मिळून लोह तीन-चार ग्रॅम. त्यातलं जवळपास दोन तृतीयांश तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि ती मोडली की तिच्यातलं लोह शरीर पुन्हा वापरतं. अन्नातून रोज आत शोषलं जातं ते फक्त एक ते दोन मिलिग्रॅम. पाळीत रक्त जातं तेव्हा त्याबरोबर लोहही जातं. एका गरोदरपणाला मिळून साधारण एक ग्रॅम लोह लागतं. म्हणजे इतक्या बारीक आवकीवर नऊ महिन्यांत केवढा खर्च! त्यात आधीची साठवण रिकामी असेल, पहिल्या बाळंतपणानंतर वर्षभरातच दुसरी खेप असेल, तर हिशेब जुळणारच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षय असलेल्यांचं प्रमाण देशात ५७ टक्के निघालं, मध्य प्रदेशात ५४.७ आणि महाराष्ट्रात ५४.२. राज्याची सीमा ओलांडली म्हणून यात काही फरक पडत नाही.

लोह कमी पडल्यावर जीव मातीकडेच का ओढ घेतो, याबद्दल शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण काही धागे हाती आहेत. मेंदूत डोपामिन हे रसायन तयार होताना ज्या विकराची मदत लागते, त्याला काम करायला लोह हवं असतं. हवंसं वाटणं, ते मिळाल्यावर बरं वाटणं, ही सगळी व्यवस्था डोपामिनवर चालते. लोह घटलं की ती विस्कटते. बर्फाचा धागा आणखी स्पष्ट आहे. बर्फ चघळण्याची अनावर इच्छा हे तर लोहाच्या कमतरतेचं फार ओळखीचं लक्षण. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्तक्षय असलेल्यांना बर्फ चघळायला दिला तर लक्ष देण्याच्या चाचणीत त्यांची कामगिरी सुधारली. धडधाकट माणसांवर बर्फाचा असा परिणाम झाला नाही. थकलेल्या मेंदूला तेवढ्यापुरती तरतरी येत असावी. तेव्हा बर्फ खाणाऱ्या मुलीला वाईट सवय लागली म्हणणं अन्यायाचं आहे. शिणलेलं शरीर सापडेल त्या उपायाने स्वतःला जागं ठेवत असतं.

इथे एक शंका कुणाच्याही मनात येईल. मातीत लोह असतंच, मग माती खाऊन ते मिळत का नाही? याचं उत्तर संत्र्याची बाग असलेल्या शेतकऱ्याला मी सांगायची गरज नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीत झाडाची नवी पालवी पिवळी पडते आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कृषी विभागाचा माणूस म्हणतो, लोहाची कमतरता आहे, हिराकस फवारा. जमिनीत लोह भरपूर असतं. पण चुनखडीमुळे ते अशा रूपात अडकून पडतं की मुळांना ते उचलता येत नाही. झाड लोहात उभं राहून लोहावाचून पिवळं पडतं. आपल्या आतड्याचंही तसंच आहे. मातीतलं लोह बहुतांशी गंजासारख्या न विरघळणाऱ्या रूपात असतं. ते आलं तसं निघून जातं.

इतकंच झालं असतं तरी चाललं असतं. पण काळ्या मातीत चिकणमातीचे पापुद्र्यासारखे थर असतात. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या या थरांमुळेच. थरांच्या पृष्ठभागावर विजेचा ऋण भार असतो, म्हणून धन भाराचे क्षार तिथे चिकटून बसतात. पिकाला खत धरून ठेवायला हा गुण उत्तम. पोटात मात्र तोच गुण उलटतो, कारण भाजी-डाळीतलं लोहही माती स्वतःकडे ओढून घेऊ शकते. तुर्कस्तानात खाल्ल्या जाणाऱ्या मातीवर १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मातीमुळे लोहाचं शोषण घटतं असं दिसलं होतं. म्हणजे लोह कमी म्हणून माती खावीशी वाटते आणि माती खाल्ली म्हणून लोह आणखी कमी होतं. या चक्रात सापडलेल्या मुलीला रागावून काय उपयोग?

चक्राची दुसरी बाजू आपल्याकडच्या वैद्यांनी फार पूर्वी टिपली होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाचे पाच प्रकार दिले आहेत. त्यातला पाचवा माती खाण्याने होणारा. न पचलेली माती शरीराचे मार्ग अडवते आणि माणूस पांढुरका, निस्तेज पडतो, असं ते वर्णन. मला सर्वात मोठी वाटते ती चरकाची समजूत. लालसेमुळे ज्याला माती सोडवत नाही त्याला वावडिंग, कडुनिंबाची पानं, कुटकी अशा औषधांच्या रसाची भावना (पुट) दिलेली माती द्यावी, म्हणजे त्याला तिचा वीट येईल, असा उपाय त्याने लिहून ठेवला. यात कुठे शिक्षा नाही, माणसाच्या ओढीला धरूनच तिच्यातून सुटायची वाट काढली आहे. आणि वावडिंग जंतांवरचं औषध, हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. त्याच अध्यायात पांडुरोगावर लोहयुक्त नवायस चूर्ण सांगितलं आहे.

कालिदासाने तर ही ओढ राजवाड्यात नेली. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात गरोदर सुदक्षिणा राणी माती खाते आणि तिच्या मुखाचा मातीचा गंध घेताना दिलीप राजाची तृप्ती होत नाही. डोहाळ्यांत माती येणं इतकं जुनं आणि इतकं स्वाभाविक मानलेलं होतं. नंतर कधीतरी त्याला लाज चिकटली.

पेन्सिल आणि खडूबद्दल आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे, की मूल ते खातं म्हणजे त्याला कॅल्शियम कमी आहे. मग औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली येते आणि मूल पेन्सिल खातच राहतं. अशा ओढीशी सर्वात जास्त वेळा जोडलेली आढळते ती लोहाची कमतरता, कधी जस्ताची. उलट कॅल्शियम लोहाबरोबर घेतलं तर लोहाचं शोषण कमी होतं. गरोदर बाईला दोन्ही गोळ्या मिळतात, त्या एकाच वेळी गिळू नयेत, मध्ये काही तासांचं अंतर हवं. पाटीच्या पेन्सिलींसाठी मध्य प्रदेशातलंच मंदसौर प्रसिद्ध होतं. तिथे दगड कापणाऱ्या कामगारांना त्या धुळीने सिलिकोसिस झाला आणि कितीतरी माणसं तरुणपणीच गेली. पेन्सिल पोटात जाणं आणि तिची धूळ फुप्फुसात जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पण खायची वस्तू म्हणून ती कुणी बनवलेली नसते, हे लक्षात घ्यावं.

माती खाण्याचे धोके सरळ आहेत. अंगणातल्या मातीबरोबर जंतांची अंडी पोटात जातात. गोल जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. खूप माती गेली तर शौचाला कडक होतं, आतडं अडूही शकतं. दात झिजतात. जुन्या रंगाचे पोपडे खाणाऱ्या मुलाच्या शरीरात शिसं जाऊ शकतं आणि ते थेट मेंदूच्या वाढीवर येतं. भिंत चाटणाऱ्या मुलाकडे म्हणूनच सर्वात आधी लक्ष द्यावं.

तपासणी अवघड नाही. हिमोग्लोबिन गरोदर नसलेल्या बाईत १२ च्या खाली आणि गरोदर बाईत ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठवण संपलेली असू शकते. ती फेरिटिनच्या तपासणीत कळते. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह सुरू करायचं. शाळेतल्या मुलींना आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, गरोदर बायकांच्या रोजच्या लाल गोळीतही तेवढंच. अशा गोळ्यांत वापरलं जाणारं फेरस सल्फेट म्हणजे बागेत फवारतात त्या हिराकसाचंच औषधी, शुद्ध केलेलं रूप. शेतातलं हिराकस मात्र चुकूनही तोंडात घालायचं नाही. गोळीने शौचाला काळं होतं, कधी मळमळतं. याला घाबरून गोळ्या डब्यात साठवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्यांना आधीच सांगून ठेवलं तर त्या सोडत नाहीत. गोळीबरोबर किंवा जेवणाला लागून चहा घेऊ नये, चहातलं टॅनिन लोह अडवतं. क जीवनसत्त्व उलट लोहाला शोषता येईल अशा रूपात आणतं. संत्र्याच्या मुलखात ते विकत आणायला नको. आंबिया बहाराची फळं उतरली की भाकरी-डाळीबरोबर एक संत्रं खावं, मोसम नसेल तेव्हा वरणावर लिंबू पिळावं.

गोळ्या सुरू झाल्यावर मातीची किंवा बर्फाची ओढ अनेकदा एक-दोन आठवड्यांतच ओसरते, हिमोग्लोबिन वर येण्याच्याही आधी. मला या सगळ्यातली ही सर्वात बोलकी गोष्ट वाटते. ज्या सवयीसाठी वर्षानुवर्षं बोलणी खाल्ली, ती मनाचा निर्धार वगैरे काही न करता निघून जाते. तेवढ्यावर गोळ्या थांबवायच्या नाहीत. हिमोग्लोबिन भरल्यानंतरही साठवण भरायला काही महिने लागतात. ओढ गेलीच नाही तर जंत, पाळीत जास्त रक्तस्राव, पोटाचे आजार हे सगळं बघावं लागतं. या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजारही तपासायला हवा. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून सुरू झाली. सिकलसेलच्या रुग्णाला वारंवार रक्त चढवलेलं असेल तर शरीरात लोह आधीच जास्त झालेलं असू शकतं, म्हणून त्याने आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. काही मुलांमध्ये, विशेषतः स्वमग्न मुलांमध्ये, ही ओढ लोह पुरेसं असूनही राहते. त्यांना वेगळ्या मदतीची गरज असते.

राहतो प्रश्न विचारण्याचा. दवाखान्यात हिंदीतून "मिट्टी खाती हो क्या?" असं सासूसमोर विचारलं तर सौसरकडची कोणती सून हो म्हणेल? तोच प्रश्न गावच्या आशा कार्यकर्तीने घरच्या बोलीत, दोघीच असताना, जेवणाखाणाच्या गप्पांत घालावा. "गरोदरपणात कोणाले मातीचा वास लय आवडते, कोणाले बर्फ खावासा वाटते. तुले काय वाटते?" उत्तर हो आलं तर तिच्या गरोदरपणाच्या कार्डावर हिमोग्लोबिनच्या आकड्याशेजारी ते लिहून ठेवावं आणि महिन्याभराने दोन्ही पुन्हा तपासावं.