किल्ली घेण्याआधी: भाड्याच्या घराबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्या-मुंबईत एजंट दहा मिनिटांत फ्लॅट दाखवतो आणि ‘आजच टोकन द्या, नाहीतर जाईल’ म्हणून मागे लागतो. या घाईत जे बघायचं राहतं, त्याचे पैसे पुढे डिपॉझिटमधून कापले जातात.

गैरसमज: नवा रंग दिलाय, म्हणजे घर चांगलं आहे.
वस्तुस्थिती: ताज्या रंगाखाली ओल लपते. बाथरूमला लागून असलेली भिंत, खिडकीखालचा भाग आणि भिंतीतल्या कपाटाची आतली बाजू हाताने चाचपून बघा. रंगाचे फुगलेले पोपडे, पांढरी भुकटी, कुबट वास ही ओलीची लक्षणं. घर शक्यतो दिवसाउजेडी बघा.

गैरसमज: नळाला पाणी आलं, की झालं.
वस्तुस्थिती: अनेक सोसायट्यांत पाणी ठरावीक वेळीच सोडतात. ती वेळ आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे वॉचमनला किंवा शेजाऱ्यांना विचारा. सिंकचा नळ सोडून ओट्याखालचा पाइप गळतोय का, तेही वाकून बघा.

गैरसमज: लाइट बिल मालकाच्या नावावर आहे, आपल्याला काय त्याचं?
वस्तुस्थिती: थकबाकीपायी वीज तोडली, तर अंधारात तुम्हीच बसाल. शेवटचं बिल मागून घ्या, त्यावरचा मीटर नंबर खालच्या मीटरशी ताडून बघा आणि रीडिंगचा फोटो काढून ठेवा.

गैरसमज: अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही.
वस्तुस्थिती: महाराष्ट्रात लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नुसता नोटरीचा शिक्का चालत नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

गैरसमज: मोडतोड तोंडी सांगितली, की पुरे.
वस्तुस्थिती: घर सोडताना तोंडी बोलणं कुणाला आठवत नाही. ‘गीझर चालू, हॉलच्या पंख्याचा रेग्युलेटर बंद, बेडरूमच्या काचेला तडा’ अशी खोलीवार यादी करा, दोघांच्या सह्या घ्या आणि ती कराराला जोडा. घराचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.

यात मालकावर अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. सह्या केलेली यादी त्यांच्याही कामाची असते. सामानाचा टेम्पो ठरवण्याआधी ती हातात असू द्या.