जे-१ व्हिसा : परतीचा कागद आधी

मागच्या भागात अमेरिकी शाळांना बाहेरून शिक्षक का बोलवावे लागतात ते पाहिले. तो भाग वाचून नारायणगाव, मंचर, ओतूर भागातल्या शिक्षकांनी जे विचारले, त्यात एक प्रश्न सारखा येत होता : मुलाखतीत काय विचारतात? मुलाखत ही या वाटेवरची शेवटची पायरी. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीच्या खिडकीपाशी माणूस पोहोचतो, तोवर त्याचे बरेचसे भवितव्य घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात, जुन्नरच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर किंवा संस्थेच्या कचेरीत ठरलेले असते. म्हणून आज तिथूनच सुरुवात करू.

आधी या व्हिसाचा स्वभाव समजून घेऊ. १९६१ च्या अमेरिकी कायद्याने शिक्षण आणि संस्कृतीच्या देवाणघेवाणीसाठी जी व्यवस्था केली, तिच्यातला हा व्हिसा. एच-१बी नोकरीचा, जे-१ पाहुण्याचा. पाहुणा शिक्षक तिथल्या शाळेत पूर्ण वेळ शिकवतो आणि तिथल्या शिक्षकाइतकाच पगार घेतो. पण मुदत तीन वर्षांची. शाळेने आणि प्रायोजक संस्थेने मागणी केली तर आणखी एक किंवा दोन वर्षे मिळू शकतात. त्यानंतर मायदेशी यायचे. पुन्हा शिक्षक म्हणून याच मार्गाने जायचे असेल, तर मध्ये दोन वर्षे अमेरिकेबाहेर राहिलेले असावे लागते. परत येणे या व्हिसाच्या पोटातच आहे, आणि म्हणूनच माझा आग्रह असा की तयारीही परतीच्या बाजूने करावी. परत आल्यावर मी कुठे रुजू होणार, याचे उत्तर देणारा कागद सगळ्यात आधी मिळवा.

हा कागद किती अवघड असतो ते महाराष्ट्राने पाहिले आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. पुढे त्यांची फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी निवड झाली. फुलब्राइटवर जाणाऱ्यांनाही हाच जे-१ व्हिसा मिळतो. जानेवारी २०२२ मध्ये बातम्या झळकल्या त्या मात्र त्यांच्या रजेच्या! रजेचा अर्ज जिल्हा पातळीवर अडला, आणि तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी लक्ष घातल्यावर वाट मोकळी झाली. जगात नाव झालेल्या शिक्षकासाठी मंत्र्यांना फोन उचलावा लागला. आहुपे किंवा हातवीजच्या शाळेतल्या, वर्तमानपत्रात कधी नाव न आलेल्या शिक्षकासाठी कोण उचलणार? आपल्याकडे शिक्षकाच्या परदेशी अनुभवाकडे अजूनही 'वर्ग रिकामा राहणार' एवढ्याच नजरेने पाहिले जाते. वर्ग रिकामा राहू नये ही काळजी खरीच आहे. पण बदली शिक्षक नेमण्याचे काम प्रशासनाचे, त्याचा भार अर्जदाराच्या डोक्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

तेव्हा अर्ज करण्याआधी आपण कोणाचे नोकर आहोत ते पाहा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची वाट मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग पुणे अशी जाते. शासकीय आश्रमशाळेतल्या शिक्षकाची घोडेगावच्या प्रकल्प अधिकाऱ्यांमार्फत ठाण्याच्या अपर आयुक्तांकडे. अनुदानित खाजगी शाळेत संस्थाचालकांचा ठराव लागतो, आणि तिथे १९८१ ची खाजगी शाळा कर्मचाऱ्यांची सेवाशर्ती नियमावली लागू होते. तिन्हीकडे मागणी लेखी करा, आवक क्रमांक घ्या आणि ना हरकत पत्रात रजेचा प्रकार, कालावधी आणि परत रुजू होण्याचा हक्क या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. 'जा, आल्यावर बघू' असे तोंडी सांगणारे साहेब तीन वर्षांनी त्या खुर्चीत नसतात.

दुसरा टप्पा पात्रतेचा. अमेरिकी नियम मुख्यतः तीन गोष्टी मागतो : ज्या विषयात शिकवणार त्या विषयातली किंवा शिक्षणशास्त्रातली पदवी आणि ती तिथल्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची, किमान दोन वर्षांचा अनुभव, आणि अर्ज करताना आपण मायदेशी शिक्षक म्हणून काम करत असणे. या शेवटच्या अटीत एकच सवलत आहे. नुकतीच उच्च पदवी घेतलेल्याला, पदवीनंतर वर्षाच्या आत अर्ज केला आणि मागच्या आठ वर्षांत दोन वर्षे पूर्ण वेळ शिकवलेले असेल, तर दार उघडे राहते.

आपल्याकडे अडचण येते ती पदवीत. जिल्हा परिषदेत बारावीनंतर डी.एड. करून लागलेले कितीतरी चांगले शिक्षक आहेत. नुसते डी.एड. इथे चालत नाही. नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी.ए. आणि पुढे बी.एड. केलेल्यांचे बऱ्याचदा जमते. कारण तीन वर्षांच्या पदवीला बी.एड.ची जोड मिळते. गुणपत्रिकांचे मूल्यांकन अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त मूल्यमापन संस्थेकडून करून घ्यावे लागते. विद्यापीठाचा सीलबंद लिफाफा मागतात, त्याला वेळ लागतो. निवड होण्याची वाट न पाहता हे काम उरकून घ्या.

तासिका तत्त्वावर काम केलेल्यांनी अनुभवाच्या दाखल्यावर विशेष लक्ष द्यावे. दाखल्यात तारखा, विषय, इयत्ता आणि आठवड्याच्या तासिका असाव्यात. 'आमच्याकडे समाधानकारक काम केले' एवढ्या एका ओळीने तिथल्या माणसाला काहीच कळत नाही.

आणि बाईंसाठी नावाचा प्रश्न. बी.एड.ची पदवी माहेरच्या आडनावाने, सेवापुस्तक सासरच्या, आधारवर नवऱ्याचे नाव मधे आणि पासपोर्टवर ते गायब, असे चार कागद चार बायकांचे वाटावेत. इथे ते कोणालाच खटकत नाही. शाळेतले लिपिक वर्षानुवर्षे ओळखत असतात. अमेरिकी संगणक कोणाला ओळखत नाही. पासपोर्टवर जसे नाव आहे, अक्षर न अक्षर तसेच प्रायोजकाच्या कागदावर आणि व्हिसा अर्जात यायला हवे. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर ग्रामपंचायतीतून आधी तो काढा; गरज पडली तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या आणि मग पुण्याला मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्राची वेळ घ्या. क्रम उलटा झाला की दोनदा पैसे आणि दोनदा हेलपाटे.

आता प्रायोजक. जे-१ मध्ये शाळा आपल्याला थेट बोलावू शकत नाही. मधे अमेरिकी परराष्ट्र खात्याने नेमलेली प्रायोजक संस्था असते. ती संस्था डीएस-२०१९ नावाचा फॉर्म देते आणि त्याच्याशिवाय व्हिसाचा अर्जच होत नाही. मान्यताप्राप्त प्रायोजकांची यादी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. पुण्यातला किंवा मंचरमधला एजंट ज्या संस्थेचे नाव घेतो, ती त्या यादीत आहे का हे पाहायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे न दिल्याने माणसे कर्जात बुडतात. फिलिपिन्समधून लुइझियानात गेलेल्या साडेतीनशेच्या आसपास शिक्षकांकडून मध्यस्थांनी भरमसाट शुल्क उकळले होते. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्युरीने त्यांना ४५ लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. त्यांचा व्हिसा एच-१बी होता, पण सावज हेरण्याची रीत तीच. टोमॅटोचा बाजार पडलेल्या वर्षी सातबारा गहाण ठेवून कोणी एजंटला पैसे देत असेल, तर त्याला थांबवा.

अधिकृत खर्च उघड असतो. सेविस या नोंदणी प्रणालीचे २२० डॉलर, व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर. जुलै २०२५ च्या अमेरिकी कायद्यात २५० डॉलरचे आणखी एक शुल्क मंजूर झाले आहे. आपण पैसे भरू त्या दिवशी त्याची वसुली सुरू आहे का ते तपासा. आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि दर आजाराला किंवा अपघाताला किमान एक लाख डॉलरचे संरक्षण लागते. तो शाळा देणार की पगारातून कापणार, हे करारात वाचा. नवरा किंवा बायको आणि २१ वर्षांखालची मुले जे-२ वर सोबत जाऊ शकतात.

डीएस-२०१९ हातात आला की डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज, मग बोटांचे ठसे, मग मुलाखत. जून २०२५ पासून जे व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितले जाते आणि अर्जात त्यांची नावे द्यावी लागतात. विसरलेले जुने खातेही त्यात आले. पावसाळ्यात वेळ मिळाली असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. माळशेज घाटात दरड कोसळली की कल्याणची वाट बंद होते. जुन्नर-आंबेगावच्या माणसाचा कोणीतरी मुंबईत असतोच.

मुलाखत काही मिनिटांची. कायदा असे धरून चालतो की अर्जदार तिकडेच राहायला निघाला आहे; तसे नाही, हे आपण पटवायचे असते. सातबाऱ्याचे उतारे आणि बँकेची पासबुके पिशवीत असू द्या, पण अधिकारी ती पाहीलच असे नाही. तो बोलण्यावरून ठरवतो. कोणत्या गावातली शाळा, कोणती इयत्ता, प्रायोजक कोण, परत येऊन काय करणार. सुरुवातीला सांगितलेले ना हरकत पत्र इथे कामाला येते : 'माझी तीन वर्षांची रजा मंजूर आहे, अमुक तारखेला मी माझ्या शाळेत रुजू होणार आहे.' साध्या इंग्रजीतले हे वाक्य पाठ केलेल्या भाषणापेक्षा जड पडते.

दोन वर्षे मायदेशी राहण्याच्या सक्तीबद्दल जुनी माहिती अजून फिरते आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने कौशल्यांची यादी बदलली आणि भारताचे नाव त्यातून वगळले, त्यामुळे केवळ त्या यादीमुळे लागणारी सक्ती आता भारतीयांना लागत नाही. सरकारी पैशावर गेलेल्यांना, म्हणजे फुलब्राइटवाल्यांना, ती आहे : दोन वर्षे इथे काढल्याशिवाय, किंवा सूट मिळाल्याशिवाय, एच किंवा एल व्हिसा वा ग्रीन कार्ड मिळत नाही.

एक अट मात्र मला मनापासून आवडते. जे-१ शिक्षकाने दरवर्षी दोन सांस्कृतिक उपक्रम करायचे असतात : एक आपल्या देशाची ओळख करून देणारा, दुसरा तिथल्या मुलांचा दुसऱ्या देशातल्या, शक्यतो आपल्याच जुन्या शाळेतल्या, मुलांशी संवाद घडवणारा. म्हणजे गणिताच्या शिक्षकाने नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेखातले अंक तिथल्या फळ्यावर मांडावेत आणि दोन हजार वर्षांपूर्वी चार, सहा, सात कसे लिहीत ते मुलांकडून ओळखून घ्यावे. विज्ञानाच्या शिक्षकाला खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी आहेतच. संवादाची वेळ मात्र आधीच ठरवा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा झालेले असतात. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात दिवस मावळल्यावर मुलांना वाटेने एकटे सोडता येत नाही, बिबट्याची भीती आहे. मुलांनी दुपारी वर्गात चित्रफीत करावी, तिकडच्यांनी उत्तराची पाठवावी, असेच बसवलेले बरे. जाण्याआधी मुख्याध्यापकांशी हे बोलून ठेवा. ना हरकत पत्राच्या अर्जात हा उपक्रम लिहिला तर आपल्या शाळेलाही या रजेतून काही मिळते आहे, हे साहेबांना दिसते.

पुढच्या भागात तिथल्या राज्याचा अध्यापन परवाना, पहिल्या महिन्याचे घरभाडे आणि पगारातून होणारी कपात.