निवृत्तीनंतरची मुंबई: सवडीने पाहायच्या जागा

निवृत्त माणसाला मुंबईत भटकायला सर्वांत सोयीची वेळ म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी अकरा ते दुपारी चार. या वेळात लोकलमध्ये बसायला जागा मिळते, संग्रहालयांत शाळांच्या सहली नसल्या तर निवांतपणा असतो आणि फुटपाथवर मागून कुणी ढकलत नाही. नोकरीच्या काळात नेमके हेच तास हाती नसतात. त्यामुळे पस्तीस-चाळीस वर्षे फोर्टात कामाला जाणाऱ्यांनीही फोर्ट धड पाहिलेला नसतो. दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हवाही चालायला बरी असते.

आरे ते कफ परेड ही भूमिगत मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाली आणि दक्षिण मुंबई ज्येष्ठांच्या खूपच जवळ आली. 33.5 किलोमीटरच्या या मार्गावर 27 स्थानके आहेत आणि तिथे लिफ्ट व सरकते जिने आहेत. गुडघे दुखणाऱ्याला रेल्वेच्या पुलांपेक्षा हा मार्ग कितीतरी सुखाचा. पश्चिम उपनगरांतल्या 2अ आणि 7 या मार्गांवर 65 वर्षांवरील प्रवाशांना 2023 पासून भाड्यात पंचवीस टक्के सवलत मिळते.

हुतात्मा चौक स्थानकातून बाहेर पडले की ओव्हल मैदान दोन पावलांवर. मैदानाच्या पूर्वेला एकोणिसाव्या शतकातल्या गॉथिक इमारती आहेत: उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि 1878 मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि टॉवरला आईचे नाव दिले. पश्चिमेला बॅकबेची भर घातल्यानंतर, मुख्यतः 1930 च्या दशकात उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती आहेत. गोलाई दिलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवरचे सज्जे आणि दर्शनी भागावरच्या अक्षरांची ठेवण निरखत ही रांग पाहावी. 2018 मध्ये युनेस्कोने या दोन्ही काळांतल्या 94 इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. सगळा रस्ता सपाट आहे आणि दमले तर मैदानाच्या कडेला टेकता येते. पुढे जहांगीर कलादालनात चालू असलेली चित्रप्रदर्शने विनामूल्य पाहता येतात. त्याच्या शेजारचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मात्र एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. जॉर्ज विटेट या वास्तुरचनाकाराची ही इमारत 1922 मध्ये लोकांसाठी खुली झाली. एका वेळी एक मजला, फार तर दोन दालने, एवढेच ठरवून गेले तर लघुचित्रांसमोर खरोखर थांबता येते.

ज्येष्ठांच्या सहलीसाठी सगळ्या शहरात एकच जागा निवडायची झाली, तर भायखळ्याची निवडावी. राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आणि त्याला लागून असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय एकाच फेरीत होतात. दोन्ही बुधवारी बंद असतात. बहुतेकांना राणीची बाग नातवंडांना वाघ आणि पेंग्विन दाखवायची जागा म्हणून माहीत असते. तिची खरी श्रीमंती झाडांत आहे. दोनशेहून अधिक जातींचे वृक्ष इथे आहेत. जाड खोडाची गोरखचिंच, खोडालाच फुले येणारा कैलासपती आणि लालगुलाबी फुलांचे झुबके खाली सोडणारी उर्वशी ही त्यांतली काही. उर्वशी हिवाळ्यात फुलू लागते, त्यामुळे या दिवसांत गेलेल्याला ती गाठता येते. काळा घोडा चौकातला मूळ घोडा, पाठीवरच्या सातव्या एडवर्डसह, 1965 मध्ये याच बागेत आणला गेला.

संग्रहालय 1872 मध्ये व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय म्हणून उघडले. 1975 मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले, आणि पाच वर्षांच्या दुरुस्तीनंतर 2008 मध्ये ते पुन्हा खुले झाले. जुन्या मुंबईतले कारागीर, त्यांच्या पगड्या, हत्यारे आणि बैठका मातीच्या छोट्या मूर्तींतून इथे दाखवल्या आहेत. आजोबांच्या तोंडून ऐकलेले धंदे डोळ्यांसमोर दिसतात, आणि नातवंडे सोबत असतील तर गोष्टी सांगायला इतकी चांगली जागा दुसरी नाही. आवारातला दगडी हत्ती घारापुरी बेटावरचा आहे. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले ते याच हत्तीवरून. 1864 मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो फुटला आणि 1914 मध्ये त्याचे तुकडे पुन्हा जोडण्यात आले.

हा हत्ती पाहिला की घारापुरीला जावेसे वाटणारच. गेटवेहून लाँच सुमारे तासाभरात बेटावर पोचते. लेणी सोमवारी बंद असतात, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच थांबतात. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पुढे सुमारे 120 पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकाने आणि वर ताडपत्र्यांची सावली असल्याने थांबत थांबत चढता येते. ज्यांना ते जमणार नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. भाव आधी ठरवून घ्यावा. पहिली लाँच धरली तर चढण उन्हाआधी संपते आणि सदाशिवाच्या भव्य त्रिमुखी शिल्पासमोर गर्दीही कमी असते. परतताना लाँचमध्ये चढउतार करताना खलाशाचा हात धरायला संकोच करू नये.

पाय भक्कम असणाऱ्यांनी कान्हेरीला जावे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, तिथवर वाहनाने जाता येते. शंभराहून अधिक लेणी असली तरी सगळी पाहण्याची गरज नाही. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य, व्हरांड्यातल्या उंच बुद्धमूर्ती, सभेसाठी दगडी बाके असलेले अकरावे लेणे आणि पावसाचे पाणी साठवणारी कातळातली टाकी, एवढे पाहिले तरी दिवस सार्थकी लागतो. वरच्या लेण्यांच्या पायऱ्या ओबडधोबड आहेत, म्हणून पकड असलेले बूट आणि हातात काठी हवी. हे उद्यानही सोमवारी बंद असते.

चढणे नको असेल तर मलबार हिलवर 2025 मध्ये झाडांमधून उंचावर बांधलेली लाकडी पायवाट आहे. ती जेमतेम अर्ध्या किलोमीटरची असून वेळ आधी आरक्षित करावी लागते. पेडर रोडवरच्या गुलशन महालातले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 2019 मध्ये सुरू झाले. मूकपटांपासूनचा इतिहास तिथे आहे, आणि जुन्या गाण्यांवर वाढलेल्या पिढीचा पाय तिथून लवकर निघत नाही.

हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरतात आणि मेपर्यंत राहतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने त्यांच्या जवळ जाता येते. बोटीची वेळ भरतीवर ठरते, त्यामुळे ती रोज बदलते आणि आरक्षण आधीच करावे लागते. टोपी, पाणी आणि दुर्बीण सोबत ठेवावी. बोटीत बसूनच सगळे दिसते, म्हणून फार चालवत नसलेल्यांनाही ही सहल झेपते.

नाटकाची आवड असणाऱ्यांना दादरचे शिवाजी मंदिर, माटुंग्याचे यशवंत नाट्यमंदिर आणि पार्ल्याचे दीनानाथ नाट्यगृह आहेच. शनिवार-रविवारचे दुपारचे प्रयोग ज्येष्ठांना अधिक सोयीचे, कारण संपल्यावर उजेडात घरी परतता येते. तिकीट काढताना बाल्कनीऐवजी खालची, मधल्या वाटेला लागून असलेली खुर्ची मागावी. पायऱ्या वाचतात आणि मध्यंतरात उठायला अडचण होत नाही.