दुधाचे पातेले आणि लेकराचे यकृत

महाडच्या बाजारात सध्या तांब्याच्या बाटल्या आणि पेले पुन्हा दिसू लागले आहेत. बारशाला, अकीक्याला कुणी तांब्याची वाटी-चमचा आणतो. पोलादपूरकडच्या जुन्या घरांतून माळ्यावरची पितळी पातेली खाली उतरवून घासूनपुसून मांडली जात आहेत. दिसायला ती सुंदरच असतात. पण शाळेत पालकांच्या बैठकीत एका तरुण आईने आम्हाला विचारले, "सर, बाळाचं वरचं दूध पितळेच्या टोपात तापवलं तर जास्त पौष्टिक होतं ना?" या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या डॉक्टरांनी चाळीस वर्षांपूर्वी शोधून ठेवले आहे. ते आपल्या घरांपर्यंत पुरेसे पोहोचलेले नाही, म्हणून हा लेख.

वडीलधाऱ्यांना विचारा, "मुलाला लिव्हर झालं" हे वाक्य त्यांना आठवेल. वर्ष-दोन वर्षांचे, बऱ्या खात्यापित्या घरातले मूल. आधी किरकिरे होई, मग पोट फुगू लागे. उजव्या बरगडीखाली हात लावला तर यकृत कडक, धारदार कडेचे लागे. पुढे कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरात पहिले मूल गेले की दुसरेही जाई, म्हणून कुणी नजर म्हणे, कुणी करणी, कुणी रक्ताचा दोष. डॉक्टरी भाषेत याचे नाव 'इंडियन चाइल्डहुड सिरोसिस'. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ मध्ये याचे वर्णन लिहिले होते. म्हणजे आजार माहीत होता, कारण मात्र जवळजवळ शंभर वर्षे सापडत नव्हते.

१९७८ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी अशा मुलांच्या यकृताचे बारीक तुकडे ऑर्सिन नावाच्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींत गडद कण दिसले. ते तांबे धरून बसलेल्या प्रथिनांचे होते. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात तांबे साधारण पन्नास मायक्रोग्रॅमपर्यंत असते, या मुलांत ते कित्येकदा हजाराच्या वर निघे. एवढे तांबे आले कुठून?

इथे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे काम सुरू होते. रास्ता पेठेतल्या या रुग्णालयात डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित बालरोग विभागात होते. ब्रिटनचे बालयकृततज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर त्यांच्याबरोबर काम करीत. आम्हाला या संशोधनाचे सर्वांत मोठे कौतुक वाटते ते त्यातल्या साध्या प्रश्नांचे. बाळाला अंगावरचे दूध किती दिवस दिले? वरचे दूध कधी सुरू केले? ते कशात तापवले, कशात ठेवले? आजारी मुलाच्या घरची उत्तरे त्याच वयाच्या निरोगी मुलाच्या घरच्या उत्तरांशेजारी मांडली गेली. आजारी मुलांना वरचे दूध फार लवकर सुरू झाले होते आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांतून आले होते. १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा विचार मांडला गेला, आणि १९८७ मध्ये आहाराची तुलना छापून आली.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. अशा भांड्यात दूध तापवले, ठेवले की तांबे दुधात उतरते आणि दुधातल्या केसीन प्रथिनाला चिकटून राहते. चवीला काही कळत नाही. मोठ्या माणसाचे यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या बाळाची ही यंत्रणा अजून कच्ची असते, शिवाय आईच्या पोटातून येतानाच त्याच्या यकृतात तांब्याचा साठा असतो. त्यावर रोज भर पडत गेली की पेशी मरतात आणि त्यांच्या जागी चिवट तंतूंचे व्रण धरतात. यालाच फायब्रोसिस म्हणतात. व्रण वाढत जाऊन सगळे यकृत गाठाळ झाले की तो सिरोसिस.

हे व्रण कायमचे, असेच तेव्हा सगळे मानत. पुण्याच्या डॉक्टरांनी मुलांना पेनिसिलामाइन हे औषध दिले. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढते. आजार फार पुढे गेलेला नसताना ते सुरू झाले, तर कित्येक मुले जगली. काही मुलांचे यकृत वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा व्रण ओसरलेले दिसले, काहींत तर ते जवळजवळ निरोगी होते. एवढे बिघडलेले यकृत सुधारू शकते, ही अल्लाहची केवढी मेहेरबानी.

हे दुखणे फक्त आपल्याकडचे होते असेही नाही. ऑस्ट्रियाच्या टायरॉल या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ मुले अगदी अशाच आजाराने दगावल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात शिजवून बाळांना पाजत. भांडी बदलली आणि आजार गेला. तशी भांडी वापरणाऱ्या सगळ्याच घरांत मुले आजारी पडली नाहीत, म्हणून काही मुलांत जन्मजात कमजोरीही असावी, असे तज्ज्ञ मानतात. पण कुठल्या मुलात ती आहे हे आईला कसे कळावे?

जुन्या वैद्यकीय लिखाणात हा आजार मुसलमान घरांत कमी दिसल्याचे म्हटले आहे. यात आपण फुशारकी मारण्यासारखे काही नाही. आमच्या मते श्रेय कथलाला असावे. आपल्याकडे देगची, बदना, ताट, सगळ्यांना कल्हई लागे. रमजानच्या आधी, लग्नसराईत कल्हईवाला भाता घेऊन अंगणात बसे. नवसागराचा धूर, कापसाचा बोळा, आणि काळे पडलेले भांडे चांदीसारखे होई. आता कल्हईवाला शोधून सापडत नाही आणि भांडी मात्र हौसेने परत आली आहेत. आमची काळजी नेमकी तीच आहे.

दुसरे संरक्षण तर आपल्या घरातच आहे. सुरह बकरामध्ये आईने पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे. आईच्या दुधात तांबे बाळाला हवे तेवढेच असते. पहिले सहा महिने तेच द्यावे, असे डॉक्टरही सांगतात. पण मुलगा आखाती देशात, सून एकटी, सासूला घाई, आणि तिसऱ्या महिन्यात म्हशीचे दूध सुरू, असे आपल्या गावांत घडतच असते. सासूबाईंना दोष न देता हे समजावून सांगावे लागेल.

वरचे दूध द्यावेच लागले तर ते स्टीलच्या भांड्यात तापवा, ठेवा आणि स्टीलच्याच वाटी-चमच्याने पाजा. बाळासाठी तांब्याच्या बाटलीतले पाणीही नको. मोठ्यांनीसुद्धा कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, लिंबू, चिंचेची आमटी किंवा कोकमाचे सरबत ठेवू नये, आंबटात तांबे फार लवकर उतरते. आणि मुलाचे पोट फुगलेले, डोळे पिवळे दिसले तर दुआ जरूर करा, पण झाडपाल्याच्या औषधात आठवडे घालवू नका. यकृताला सूज येण्याची कारणे अनेक आहेत, रक्ततपासणीशिवाय ती कळत नाहीत. महाडहून वरंध घाट चढला की भोर, आणि पुढे पुणे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, वाईकडूनही तिथे जाता येते. पावसात घाट बंद असले तर मुंबईचा रस्ता आहे.

त्या बैठकीतल्या आईला आम्ही हे सगळे सांगितले. तिने विचारले, "मग त्या पितळी टोपाचं काय करू?" कुंडी करा, म्हटले. कढीपत्ता छान येतो.