कानिटकर, माधुरी
कानिटकर, माधुरी : (१५ ऑक्टोबर १९६० – ). भारतीय भूसेनेच्या वैद्यकीय दलातील उच्चपदस्थ अधिकारी, बालवृक्कविकारतज्ञ व वैद्यकीय शिक्षणक्षेत्रातील प्रशासक. जन्म धारवाड येथे. पुणे येथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम्. बी. बी. एस्. झाल्या आणि सर्वोत्तम विद्यार्थ्यासाठीचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. १९८२ मध्ये त्या सैन्याच्या वैद्यकीय दलात अधिकारी म्हणून रुजू झाल्या.

बालरोगशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणानंतर त्यांनी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बालकांच्या वृक्कविकारांचे (मूत्रपिंडाच्या रोगांचे) विशेष प्रशिक्षण घेतले. बालकांमधील हे विकार प्रौढांतील विकारांहून पुष्कळ अंशी वेगळे असतात. मूत्रावाटे प्रथिने वाहून जाऊन अंगास सूज आणणारा विकार बालवयात वारंवार उलटतो. औषधाची मात्रा वजन व शरीराचे क्षेत्रफळ पाहून ठरवावी लागते आणि त्या औषधांचा वाढीवर होणारा परिणामही सतत तपासावा लागतो. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या सैनिकाच्या कुटुंबास असे दीर्घकालीन उपचार अखंड मिळणे अवघड असते. ही उणीव दूर करण्यासाठी त्यांनी पुणे व दिल्ली येथील सैनिकी रुग्णालयांत बालवृक्कविकारांचे स्वतंत्र विभाग उभारले.

भूसेनेत स्त्री डॉक्टरांना १९५८ पासून नियमित कमिशन मिळू लागले. इतर काही शाखांत मात्र स्त्रियांचा प्रवेश १९९२ मध्ये व तोही अल्प मुदतीच्या सेवेपुरता झाला. त्यांच्या कायम कमिशनचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी मान्य केला. त्यानंतर बारा दिवसांनी, २९ फेब्रुवारीस, माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल झाल्या. पुनीता अरोरा व पद्मा बंदोपाध्याय यांच्यानंतर सेनादलांत तीन ताऱ्यांचे पद मिळविणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री होत. त्यांचे पती राजीव कानिटकर हेही लेफ्टनंट जनरल पदावरून निवृत्त झाले. हे पद मिळविणारे सेनादलांतील हे पहिलेच दांपत्य होय. सैनिकी सेवेमुळे उभयतांना संसाराचा बराच काळ निरनिराळ्या ठिकाणी काढावा लागला.

पुण्याच्या मातृसंस्थेत त्या अधिष्ठाता होत्या. पुढे उधमपूर येथील उत्तर विभागाच्या मुख्यालयात वैद्यकीय सेवेची धुरा त्यांनी सांभाळली. २०२० मध्ये त्या एकात्मिक संरक्षण मुख्यालयात वैद्यकीय विभागाच्या उपप्रमुख झाल्या. तिन्ही दलांच्या वैद्यकीय साधनसामग्रीचा मेळ घालण्याचे हे काम कोविडच्या साथीमुळे विशेष कसोटीचे ठरले.

जुलै २०२१ मध्ये नासिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरुपदी त्यांची नियुक्ती झाली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र संपूर्ण राज्य असून त्यापूर्वी वैद्यकीय महाविद्यालये आपापल्या विभागातील विद्यापीठांशी संलग्न असत. आधुनिक वैद्यकाबरोबरच दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी व परिचर्या यांचे शिक्षणही त्याच्या कक्षेत येते. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९८९) हेही त्यास संलग्न आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणारा विद्यार्थी व महानगरातील विद्यार्थी यांची परीक्षा त्यामुळे एकाच मापाने होते; तथापि अध्यापक व साधने यांची उपलब्धता सर्वत्र समान राखणे ही या विद्यापीठापुढील कठीण जबाबदारी होय.

परमविशिष्ट सेवा पदक, अतिविशिष्ट सेवा पदक व विशिष्ट सेवा पदक हे सन्मान त्यांना लाभले आहेत.