सेप्टिक टाकीचा उपसा आणि दुर्गम भागासाठी सॉफ्टवेअर

भूमिगत गटारे नसलेल्या गावांत बहुतेक घरांच्या संडासाचा मैला सेप्टिक टाकीत किंवा खड्ड्यात जातो. सेप्टिक टाकीत जड भाग तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी शोषखड्ड्याकडे वाहते. जिवाणू गाळाचा काही भाग कुजवतात, बाकीचा साठत राहतो. हा गाळ साधारण दोन ते तीन वर्षांनी उपसावा, असा आपल्याकडचा तांत्रिक संकेत आहे. तो वेळेवर उपसला नाही तर शोषखड्ड्यात उतरून त्याची छिद्रे बुजवतो. मग मैलापाणी अंगणात आणि गटारात वर येते आणि जवळच्या विहिरीलाही धोका होतो.

उपशाचे काम करणारे व्यावसायिक बहुधा लहान असतात: एक-दोन व्हॅक्यूम टँकर, चालक, मदतनीस आणि मालकाचा मोबाइल. कोणाची टाकी कुठे आहे, किती मोठी आहे, मागचा उपसा कधी झाला, उधारी किती, हे सारे मालकाच्या डोक्यात किंवा एखाद्या वहीत असते. हीच माहिती व्यवस्थित साठवून कामाचे वेळापत्रक, गाडीचा मार्ग आणि पैशांचा हिशेब जुळवून देणे, हे या धंद्यासाठीच्या सॉफ्टवेअरचे काम.

दुर्गम भागात त्याची गरज जास्त, कारण तिथे खर्च मुख्यतः अंतराचा असतो. समजा, एक वाडी टँकरच्या ठिकाणापासून ४० किलोमीटरवर आहे. आज एका घराचा फोन आला आणि पुढच्या आठवड्यात शेजारच्या घराचा आला, तर दोन फेऱ्यांत १६० किलोमीटर होतात. दोन्ही कामे एकाच दिवशी लावली, तर निम्म्या डिझेलमध्ये गावातले काम उरकू शकते. पण शेजारच्या टाकीचीही वेळ जवळ आली आहे हे आधी कळले, तरच ते जमते. टाकी ओसंडल्यावर फोन येण्याची वाट पाहणाऱ्याला ही संधी मिळत नाही.

म्हणून अशा सॉफ्टवेअरचा पाया म्हणजे टाक्यांची नोंदवही. गावात घरक्रमांकावरून पत्ता सापडेलच असे नाही. त्यामुळे नकाशावरची जागा, घराचा फोटो आणि ‘मारुतीच्या देवळामागे’ यासारखी खूण नोंदवावी लागते. त्याशिवाय टाकीची मापे, झाकण कुठे आहे, ते उघडते की सिमेंटने बंद केले आहे, गाडी किती जवळ जाऊ शकते, पाइप किती लांब लागेल आणि पावसाळ्यात रस्ता चालू असतो का, हेही हवे. मापांचा उपयोग थेट होतो. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि दीड मीटर खोल पाणी असलेल्या टाकीत ३,००० लिटर मावतात. टँकर ५,००० लिटरचा असेल, तर अशा दोन टाक्या एका खेपेत पूर्ण उपसता येणार नाहीत. गाळ रिकामा करण्याची जागा ३० किलोमीटर दूर असेल, तर ही गोष्ट निघण्यापूर्वीच कळायला हवी.

नोंदीत संडासाचा प्रकार असणेही महत्त्वाचे आहे. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरला की दुसरा सुरू करतात आणि पहिल्यातला मैला पुरेसा काळ तसाच राहू दिला की त्याचे खत होते. तिथे टँकरची गरज नसते. सॉफ्टवेअरने अशी घरे वेगळी ठेवली, तर घरमालकाचा नाहक खर्च टळतो.

नोंदी तयार झाल्या की मागचा उपसा, टाकीचा आकार आणि घरातली माणसे यांवरून पुढची तारीख काढता येते. एकाच वाटेवरच्या गावांतली कामे गट करून लावता येतात आणि ग्राहकांना काही दिवस आधी एसएमएस जातो. अमेरिकेत सुमारे पाचांपैकी एका घराचा मैला सेप्टिक टाकीत जातो आणि तिथली पर्यावरण संस्था दर तीन ते पाच वर्षांनी उपसा करण्याचा सल्ला देते. अशी ठरावीक अंतराने परत येणारी कामे लक्षात ठेवणे माणसापेक्षा संगणकाला सोपे जाते.

दुर्गम भागातली मोठी अडचण नेटवर्कची. सतत इंटरनेट लागणारे अ‍ॅप घाटात किंवा पाड्यावर बंद पडते. म्हणून दिवसाची कामे, नकाशा आणि ग्राहकांची माहिती सकाळीच फोनमध्ये उतरवून घेता यायला हवी. दिवसभरातल्या नोंदी फोनमध्येच साठाव्यात आणि नेटवर्क मिळताच कार्यालयात आपोआप पोहोचाव्यात. पडदे मराठीत, बटणे मोठी आणि लिहिणे कमी असावे, कारण चालकाच्या हातात अनेकदा हातमोजा असतो आणि फोन साधा असतो. पैसे रोख मिळाले की यूपीआयने, उधारी किती राहिली आणि प्रत्येक खेपेला डिझेल किती लागले, हे त्याच जागी नोंदले गेले, तर महिनाअखेरीस कोणता मार्ग परवडतो ते मालकाला दिसते.

हिशेबाइतकीच महत्त्वाची नोंद म्हणजे उपसलेला गाळ कुठे गेला. प्रक्रिया केंद्र दूर असेल, तर डिझेल वाचवण्यासाठी टँकर ओढ्यात किंवा शेतात रिकामा करण्याचा मोह होतो आणि एका घराची घाण दुसऱ्या गावाच्या पाण्यात जाते. टँकरवरचे जीपीएस यंत्र, उपशाची वेळ आणि केंद्रावरची पोच एकत्र जोडली, तर प्रत्येक खेप शेवटपर्यंत तपासता येते. प्रक्रियेसाठी पैसे देणारी ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद मग कामाची खातरजमा करून बिल देऊ शकते.

याचे जवळचे उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या वाईचे. कृष्णाकाठच्या या शहरात २०१८पासून वेळापत्रकानुसार उपसा सुरू झाला. प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा रिकामी करण्याचे चक्र ठरवले गेले, खर्च नगरपरिषदेच्या करांतून भागवण्याची पद्धत आखली गेली आणि काम खासगी कंत्राटदाराला देण्यात आले. तिथल्या प्रक्रिया केंद्राची क्षमता रोज ७०,००० लिटर आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या पाणी व स्वच्छता केंद्राने कामावर देखरेख करण्यासाठी ‘सॅनिट्रॅक’ ही प्रणाली तयार केली. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरमध्येही अशीच योजना राबवली गेली. ही दोन्ही शहरे असली, तरी त्यांतला धडा गावांच्या समूहाला लागू पडतो: मागणी विखुरलेली असेल तर ती वेळापत्रकाने एकत्र आणावी.

दर ठरवण्यासाठीही फोनचा उपयोग झाला आहे. सेनेगलची राजधानी डाकारमध्ये घरमालकाने कॉल सेंटरला फोन केल्यावर टँकरमालकांना एसएमएस जाई आणि ते बोली लावत. एकाच ओळखीच्या टँकरवाल्यावर अवलंबून राहण्याऐवजी दरांची तुलना शक्य झाली.

सॉफ्टवेअरने एक गोष्ट कधीच सुटू देऊ नये, ती म्हणजे माणसाचा जीव. सेप्टिक टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला वासही येईनासा होतो. भारतात २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांविना टाकीत माणूस उतरवण्यास मनाई आहे. काम सुरू करण्यापूर्वी हातमोजे, बूट, पाइप आणि पंप तपासल्याची खूण केल्याशिवाय पुढचा पडदाच उघडू नये, अशी रचना करता येते. टाकी यंत्राने रिकामी होत नसेल, तर ‘काम थांबवले’ हा पर्याय हवा, आणि तो निवडल्याबद्दल मजुराची मजुरी कापली जाऊ नये.

असे सॉफ्टवेअर निवडताना मालकाने चार गोष्टी पाहाव्यात: ते इंटरनेटविना चालते का, मासिक शुल्क दोन-तीन खेपांच्या नफ्यातून भागते का, ग्राहकांचे फोन व पत्ते सुरक्षित राहतात का, आणि उद्या दुसरी प्रणाली घ्यायची झाली तर स्वतःच्या नोंदी सहज काढून घेता येतात का. एकच टँकर असलेल्याने सुरुवात मोबाइलमधल्या साध्या तक्त्यानेही करावी. तारीख, जागा, माप, खेप आणि गाळ सोडण्याचे ठिकाण या पाच रकान्यांची सवय लागली, की पुढचे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. ती सवय नसेल तर महागडी प्रणालीही रिकामीच राहते.