सायकल क्लब सगळ्यांचा कसा होईल? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कुटुंबांसाठी काही गोष्टी

आम्ही शाळेत शिकवतो. दरवर्षी एक गोष्ट डोळ्यांसमोर घडते. पाचवी-सहावीपर्यंत सायकलवर शाळेत येणाऱ्या मुली आठवी-नववीत गेल्या की पायी किंवा रिक्षाने येऊ लागतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "सर, अम्मी म्हणते आता मोठी झालीस." सायकल धाकट्या भावाकडे जाते. काही घरांत रिक्षाचं भाडं परवडत नाही. मग पावसाळ्यात या मुलींची हजेरी कमी होते आणि हळूहळू अभ्यासही मागे पडतो.

दुसरीकडे रविवारी सकाळी बदलापूरच्या रस्त्यावर हेल्मेट घातलेले सायकलस्वार रांगेने जाताना दिसतात. आमच्या मोहल्ल्यातले लोक त्यांच्याकडे बघतात आणि म्हणतात, "हे मोठ्या लोकांचं काम आहे, आपलं नाही." खरं पाहिलं तर पाव पोहोचवणारे, कारखान्यात पाळीला जाणारे, भंगार गोळा करणारे आपलेच लोक रोज त्यांच्यापेक्षा जास्त सायकल चालवतात. फक्त त्यांना कोणी 'सायकलिस्ट' म्हणत नाही.

या दोन्ही गोष्टींवर एक उपाय आहे, तो म्हणजे परिसरातला स्वतःचा सायकल क्लब. त्यात मुली असतील, कामगार असतील, आजोबा असतील, शेजारचे सिंधी आणि मराठी कुटुंबही असेल. असा क्लब कसा उभा राहतो आणि कशामुळे मोडतो, ते इथे समजून घेऊ.

आपला परिसर सायकलसाठी कसा आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६ हजार, अंबरनाथची अडीच लाखांच्या वर आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. त्यानंतर ही शहरं किती फुगली ते आपण रोज लोकलमध्ये अनुभवतोच. रेल्वेच्या हिशेबाने उल्हासनगर ते अंबरनाथ २ किलोमीटर आणि अंबरनाथ ते बदलापूर ८ किलोमीटर आहे. म्हणजे तिन्ही शहरं १० किलोमीटरच्या पट्ट्यात आली. निवांत चालवणारा माणूस तासाला १२ किलोमीटर सहज जातो. या टोकापासून त्या टोकापर्यंत तासाभराचं काम आहे.

फिरायला जागाही आहेत. अंबरनाथचं शिवमंदिर इ.स. १०६० मधलं, शिलाहार राजांच्या काळातलं आहे. बदलापूरपुढे बारवी धरण आहे, कोंडेश्वर आहे. पलीकडे मलंगगडाचा पायथा आहे, जिथे सगळ्या धर्मांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या जात आले.

अडचण रस्त्यांची आहे. एमआयडीसीचे ट्रक, कल्याण-बदलापूर रस्त्यावरची गर्दी, पावसाळ्यातले खड्डे. एकट्या माणसाला या रस्त्यावर भीती वाटते आणि ती योग्यच आहे. दहा जण रांगेने, दिवे लावून निघाले की ट्रकवाल्यालाही लांबून दिसतात. क्लबचा पहिला फायदा हाच.

हे आधी झालेलं आहे

आपल्याकडे लोकांना वाटतं, बायका-मुलींनी सायकल चालवणं हे शहरातल्या श्रीमंतांचं फॅड आहे. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई या मागास जिल्ह्याची गोष्ट ऐका. १९९१ मध्ये तिथे साक्षरता मोहीम सुरू होती. शीला राणी चुंकत या तेव्हाच्या जिल्हाधिकारी. त्यांनी साक्षरतेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याचाही कार्यक्रम हाती घेतला. मोहिमेत काम करणाऱ्या बायकांना सायकलसाठी कर्ज मिळालं. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडी सेविका, शिक्षिका अशा सगळ्या शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी यावर सविस्तर लिहिलं आहे. सायकल शिकणाऱ्यांमध्ये परंपरा मानणाऱ्या घरांतल्या मुस्लिम तरुणीही होत्या. सुरुवातीला रस्त्यावर टोमणे मारले गेले. पण एक शिकली की ती दुसरीला शिकवायची. १९९२ मध्ये दीड हजारांवर बायकांनी एकत्र सायकली काढल्या तेव्हा टोमणे मारणारे गप्प झाले. लेडीज सायकली कमी पडल्या तर बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या.

बिहार सरकारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकल देण्याची योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. मुलींचं योग्य वयात माध्यमिक शाळेत जाण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगा-मुलीतली तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळा तीच होती, मुलीही त्याच होत्या. रस्ता तेवढा त्यांच्या आवाक्यात आला.

लंडनमध्ये २०१६ मध्ये सारा जावेद या मुस्लिम महिलेने 'सायकल सिस्टर्स' हा गट सुरू केला. तिथे हिजाब घालून, सैल कपडे घालून बायका गटाने सायकल चालवतात. आपल्या महाराष्ट्रात नाशिक सायकलिस्ट फाउंडेशन दरवर्षी नाशिक ते पंढरपूर सायकल वारी काढते. नाशिकच्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. साधारण ४,८०० किलोमीटरचं अंतर. दोघेही डॉक्टर, नोकरी-धंदा सांभाळून सराव करणारे. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांना दिसत नाही, पण दोन माणसांच्या टँडेम सायकलवर मागे बसून पेडल मारत त्यांनी मनाली ते खारदुंगला हा डोंगराळ प्रवास केला.

क्लब मोडतो कशामुळे?

आमचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही काही शिक्षक मिळून एका गटात सामील झालो होतो. पहिल्या रविवारी आमच्यासोबत एक साधी काळी सायकल घेऊन शेजारचे चाचा आले. वीस मिनिटांत पुढचे लोक दिसेनासे झाले. चाचा आणि आम्ही मागे. नाक्यावर पोहोचलो तेव्हा ते सगळे चहा पिऊन निघतही होते. कोणी वाईट बोललं नाही. पण चाचा पुन्हा आले नाहीत आणि खरं सांगायचं तर आम्हीही दोन आठवड्यांनी बंद केलं.

त्या दिवशी कळलं की दार उघडं ठेवलं म्हणजे सगळे आत येतात असं नाही. वेग, महागडी सायकल, टाइट कपडे, इंग्रजीत चालणारा ग्रुप, नाश्त्याला कुठे बसायचं, या छोट्या गोष्टींनी माणूस परत जातो. तो तक्रारही करत नाही, फक्त यायचा थांबतो.

मग नियम कोणते असावेत?

एक, कोणालाही मागे सोडायचं नाही. गटाचा वेग सगळ्यात सावकाश चालवणाऱ्याचा. पुढे एक जाणता माणूस आणि सगळ्यात शेवटी दुसरा जाणता माणूस. शेवटच्याच्या मागे कोणी राहणार नाही. पंधरापेक्षा जास्त झाले तर दोन गट करा. ज्यांना जोरात चालवायचं आहे त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवा, म्हणजे तेही नाराज होणार नाहीत.

दोन, जागा आणि वेळ पक्की. दर आठवड्याला बदलली की लोक तुटतात. रविवारी फजरच्या जमातीनंतर उजाडल्यावर निघणं आपल्या लोकांना सोयीचं आहे आणि तेव्हा ट्रकही कमी असतात. रमजानमध्ये लांबची फेरी नको. असरनंतर अर्धा तास मोहल्ल्याच्या आसपास पुरे. तशीच दुसऱ्यांच्या दिवसांचीही कदर ठेवा. उल्हासनगरातले सिंधी बांधव चालिहोचे चाळीस दिवस उपास करतात, नवरात्रात अनेक बहिणी उपाशी असतात, महाशिवरात्रीला अंबरनाथच्या मंदिराकडचे रस्ते भरून जातात. वर्षाचं कॅलेंडर सगळ्यांनी एकत्र बसून केलं तर कोणाला वेगळं वाटत नाही.

तीन, नाश्ता असा की सगळे एका टेबलावर बसतील. चहा, पोहे, दाल-पकवान. हलाल की व्हेज हा प्रश्नच उरत नाही. बिल प्रत्येकाचं स्वतःचं, म्हणजे ज्याच्या खिशात फक्त चहाचे पैसे आहेत तोही बसेल.

चार, सायकल कोणतीही चालेल. गिअरची असो की दुधवाल्याची. बघायचं ते तीनच गोष्टींकडे : टायरमध्ये हवा, दोन्ही ब्रेक, चेनला तेल. हे निघण्याआधी पाच मिनिटांत होतं. नवीन घेणं जमत नसेल तर जुनी सायकल बऱ्याच कमी पैशांत मिळते आणि आपल्या नाक्यावरचा पंक्चरवाला ती धावती करून देतो. त्यालाच क्लबचा मेंबर करा. महिन्यातून एकदा त्याने पंक्चर काढायला शिकवावं आणि त्याची योग्य मजुरी त्याला द्यावी.

पाच, पैशांचा हिशेब उघडा. वर्गणी ठेवलीच तर कोणी किती दिली ते नाही, पण जमा-खर्च दर महिन्याला ग्रुपवर टाका. ग्रुपवर सायकलशिवाय दुसरं काही नको. राजकारणाचा एक फॉरवर्ड वर्षभराची दोस्ती बिघडवतो. आणि मजकूर मराठी, हिंदी कशातही चालेल, बोलून पाठवलेला मेसेजही चालेल.

मुली आणि आया यांच्यासाठी

वेगळी शिकायची बॅच ठेवा, शाळेच्या किंवा मदरशाच्या बंद मैदानात, शिकवणारीही बाईच. मोठ्या वयात शिकायची एक सोपी रीत आहे. सायकलची दोन्ही पेडल काढा आणि सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. आधी पायांनी ढकलत तोल शिकायचा. तोल आला की पेडल लावायचं. मागून सीट धरून धावण्यापेक्षा हे लवकर जमतं आणि पडायची भीती राहत नाही. नीट चालवता यायला लागल्यावर सीट वर घ्या. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा थोडासाच वाकलेला राहिला पाहिजे, नाही तर गुडघे दुखतात.

कपड्यांचा प्रश्न सोडवता येतो. मधला दांडा खाली असलेली लेडीज सायकल घ्या. चेनवर पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवा, म्हणजे दुपट्टा किंवा बुरख्याचं टोक अडकत नाही. दुपट्ट्याची टोकं पिन करा. कोणी काय घालावं यावर क्लबने बोलू नये, फक्त चाकात काही अडकणार नाही एवढं बघावं.

आणि पालकांना आधी विश्वासात घ्या. पहिल्या दिवशी अम्मी-अब्बूंनाच बोलवा. कुठे जाणार, किती वाजता परतणार, सोबत कोण, हे लिहून द्या. आमचा अनुभव असा की अम्मी स्वतः मैदानात दोन चकरा मारते तेव्हा मुलीचा प्रश्न आपोआप सुटतो.

सुरक्षितता

सायकलला लायसन्स लागत नाही, हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही. तरी क्लबचा नियम हेल्मेटचा ठेवा. पुढे पांढरा दिवा, मागे लाल. ट्रकच्या डाव्या बाजूला कधी घुसायचं नाही, कारण वळताना ड्रायव्हरला ती बाजू दिसत नाही. ओल्या रस्त्यावर फक्त पुढचा ब्रेक जोरात दाबू नका. पावसाळ्यात धरण-धबधब्यांकडे प्रशासनाची बंदी असेल तर तिकडे जाऊ नका. ॲम्ब्युलन्ससाठी १०८ आणि पोलिसांसह कोणत्याही मदतीसाठी ११२ हे नंबर प्रत्येकाला तोंडपाठ हवेत. अपघातात जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर संरक्षण आहे, त्यामुळे थांबायला घाबरू नका.

शेवटी एवढंच

उल्हासनगर हे फाळणीनंतर घर सोडून आलेल्या लोकांनी लष्करी छावणीच्या जागेत वसवलेलं शहर आहे. अंबरनाथ-बदलापूरला कोकणातून, खानदेशातून, उत्तरेतून कामासाठी लोक आले. इथे जवळपास प्रत्येक जण कुठून तरी आलेला आहे. तरी आपापल्या कॅम्पात, आपापल्या मोहल्ल्यात आपण राहतो आणि एकमेकांना फक्त लोकलच्या गर्दीत भेटतो. रविवारी सकाळी कोणाची चेन उतरली आणि शेजारच्या गल्लीतल्या माणसाने हात काळे करून ती चढवून दिली, तर ती ओळख वेगळी असते. पुढे कधी वातावरण तापलं तर त्या ओळखीचा फोन कामाला येतो.

पाच कुटुंबं पुरेशी आहेत. या रविवारी घराच्या कोपऱ्यात उभी असलेली सायकल बाहेर काढा, हवा भरा आणि शेजाऱ्याला विचारा, "येताय का?" त्या काळ्या सायकलवाल्या चाचांना आम्ही पुन्हा बोलावलं आहे. या वेळी ते पुढे चालतील, आम्ही त्यांच्या मागे, इन्शाअल्लाह.